चौथ्यानंतरची रेघ

रेघ मी मारली होती, हे आधीच कबूल करून टाकतो. लाल शाईने, फूटपट्टी लावून, एका दिग्दर्शकाच्या नऊपैकी चौथ्या चित्रपटाच्या खाली. एकोणीस वर्षं झाली. तेव्हा माझा हात थरथरला नव्हता. हात थरथरायला आधी शंका यावी लागते, आणि आमच्या मंडळात शंका घ्यायची पद्धत नव्हती.

मंडळ म्हणजे चित्र-विचार मंडळ. सभासद सात. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत जमतो. रविवारी पेशंट नसतात आणि खुर्च्या असतात. खुर्च्या डॉक्टरांच्या म्हणून अध्यक्ष डॉक्टर. वही माझी म्हणून सचिव मी. भिंतीवर बत्तीस दातांचा मोठा तक्ता आहे. त्याच्याखाली बसून आम्ही जगातल्या तमाम दिग्दर्शकांची कीड काढतो.

कामाची पद्धत अशी. एक दिग्दर्शक घ्यायचा. त्याच्या चित्रपटांची यादी मी वहीत क्रमाने लिहून आणायची. मग चर्चा, आणि तीही एकाच प्रश्नावर: या माणसाने कुठे थांबायला हवं होतं? एकमत झालं की त्या चित्रपटाखाली मी रेघ मारतो. रेघेच्या वर असतं ते त्याचं काम, खाली असतं ते त्याचं वय. मारलेली रेघ पुसायची नाही, हा नियम. आजवर एकशे बारा रेघा झाल्या, पण शेवटच्या चित्रपटाखाली रेघ मिळालेला दिग्दर्शक अजून निघालेला नाही. एकाच्या बाबतीत तर रेघ पहिल्या नावाच्याही वर मारावी असा प्रोफेसरांचा आग्रह होता. कागदावर जागा नव्हती म्हणून तो माणूस वाचला.

(प्रोफेसर म्हणजे टायपिंगचा क्लास चालवणारे गृहस्थ. जाड चष्मा आणि खर्जातला आवाज, त्यामुळे पदवी आपोआप चिकटली.)

आता दुसरी कबुली. ही जरा जड आहे.

चौथ्यानंतरच्या त्या रेघेखालचे पाच चित्रपट मी बघितलेले नाहीत. एकही नाही. जो काढायलाच नको होता, तो बघायचा तरी कशाला, असा माझा सरळ हिशोब. बाकीचे सहा जण बघून आलेले आहेत असं मी धरून चाललो होतो. पाचव्याचं नाव निघालं की डॉक्टर ‘सोडा हो’ म्हणायचे, प्रोफेसर डोळे मिटून घ्यायचे आणि विमा एजंट, ज्यांना आम्ही विमावाले म्हणतो, जिभेने ‘च्च’ करायचे. इतकं दुःख बघितल्याशिवाय होत नाही, असं मला वाटे.

इतिवृत्त, साप्ताहिक सभा (सचिवांच्या वहीतून)

अध्यक्षांनी सांगितले की गेल्या मंगळवारी खालच्या डाव्या दाढेसाठी एक वृद्ध गृहस्थ दवाखान्यात आले. कार्डावरचे नाव वाचून अध्यक्षांच्या हातातला आरसा पडला. चौथ्याखाली रेघ मिळालेले दिग्दर्शक ते हेच. वय एक्याऐंशी. गेली आठ वर्षे ते दोन गल्ल्या पलीकडे राहतात.

दोन सभासदांनी ते हयात असल्याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. त्यांच्या निधनानिमित्त मंडळाने सहा वर्षांपूर्वी दोन मिनिटे शांतता पाळली होती, याची प्रोफेसरांनी आठवण करून दिली. सदर शांतता रद्द समजावी, असे ठरले.

अध्यक्षांनी दाढ कोरता कोरता त्यांना मंडळाची व एकोणीस वर्षांपूर्वीच्या रेघेची माहिती दिली व येत्या रविवारी येण्याचे निमंत्रण दिले. तोंडात कापूस असल्यामुळे पाहुणे फक्त ‘आँ’ म्हणाले. तो होकार धरण्यात आला. चूळ भरल्यावर मात्र त्यांनी एक अट घातली. पहिल्या चारांबद्दल कुणी अक्षर काढायचं नाही, ते ऐकून कान किटले आहेत. बोलायचं तर नंतरच्यांवर बोला.

नंतरच्या पाचांवर सचिवांनी वीस मिनिटे बोलावे. सूचक: विमावाले. अनुमोदक: सचिव सोडून सर्व. ठराव मंजूर.

घरी

बायको शाळेत गणित शिकवते. मी आत आलो तेव्हा ती उत्तरपत्रिका तपासत होती. मी पंख्याखाली बसलो.

“काय झालं? कुणी रेघ पुसली का?”

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, पाच चित्रपट न बघितल्याचंही. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी तिच्यापासून लपवून ठेवली होती. ती हादरेल, निदान लाल पेन खाली ठेवेल, असं मला वाटलं होतं.

“त्यात काय,” ती पान उलटत म्हणाली. “एकोणीस वर्षं न बघता बोललात, आणखी वीस मिनिटं नाही का बोलता येणार?”

“अगं, तो माणूस समोर बसणार आहे!”

“मग बघा की ते सिनेमे. आठवडा आहे.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “प्रश्न न वाचता उत्तर लिहिणारी मुलं रोज येतात माझ्याकडे. त्यांना निदान वर्गाबाहेर तरी काढता येतं.”

बघा म्हणे! जसं काही कपाटात ठेवलेत. सोमवारी मी फोनवर शोधलं. जगातला झाडून सगळा कचरा त्यात होता, हे पाच नव्हते. जुन्या सीडी भाड्याने देणारा एक दुकानदार चौकात होता, तो आता मोबाइलची कव्हरं विकतो. मी चित्रपटांची नावं सांगितली तेव्हा त्याने माझ्याकडे फार कणवेने बघितलं आणि म्हणाला, “काका, काचेवर स्क्रीनगार्ड बसवून देऊ का?”

मग मी चूक केली. शेजाऱ्यांना विचारलं.

कोपऱ्यावरचे औषधवाले छाती पुढे काढून म्हणाले, “पाचवा? बघितलाय ना! थेटरात बघितलाय. एक माणूस सायकल हातात धरून चालत जातो.”

“पुढे?”

“पुढे मला झोप लागली.”

“आणि उठलात तेव्हा?”

“चालतच होता.”

वरच्या मजल्यावर जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. त्यांनी चित्रपट बघितले नव्हते, पण उपाय त्यांच्याकडे तयार होता. त्यांच्या मते सगळा घोळ सेवानिवृत्तीचं वय न ठरवल्यामुळे होतो. “अठ्ठावन्नला सरळ घरी बसवायचं. नारळ द्यायचा, फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी खुर्चीवर नवा माणूस. मी गेल्यावर खात्याचं काही अडलं?” मी नाही म्हणालो. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मेव्हण्याने फोनवरून सल्ला दिला की ‘त्यांची नंतरची शैली अधिक अंतर्मुख होत गेली’ एवढं एक वाक्य पाच वेळा, पाच वेगवेगळ्या आवाजांत म्हण. शेवटी घशाला बरं नाही असं सांगून बस.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून चित्रपट संग्रहालयात गेलो.

माझ्या नोकरीबद्दल इथे दोन शब्द टाकायला हवेत. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात मी उत्तरं लिहितो. नळाला पाणी येत नाही, गढूळ येतं, वास येतो, अशी पत्रं येतात. आमचं उत्तर ठरलेलं असतं: ‘प्रत्यक्ष पाहणी केली असता तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.’ हे वाक्य माझ्या बोटांत इतकं मुरलंय की एकदा लग्नपत्रिकेच्या उत्तरातही जवळजवळ लिहून गेलो होतो. पाहणीला कोण जातं? तक्रारी दिवसाला चाळीस आणि जीप एक, तीही साहेबांच्या मुलीला क्लासला सोडते. सांगायचा मुद्दा, सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूची मला सवय आहे. बाहेरच्या बाजूने ती फार उंच असते, हे मला माहीत नव्हतं.

खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता कागद सरकवला. “नमुना ब, काका.”

अर्जदार संस्था: चित्र-विचार मंडळ
नोंदणी क्रमांक: नाही
नसल्यास कारण: आजवर गरज भासली नाही
चित्रपट पाहण्याचे कारण: अभ्यासपूर्ण भाषण
सदर चित्रपट यापूर्वी पाहिले आहेत काय:

इथे माझं पेन अडलं. इज्जतीचा प्रश्न होता. मी ‘होय’ लिहिलं.

“बघितलेत? मग परत कशाला बघायचेत?” बाई म्हणाल्या. “एकदा बघितलेल्याला दुसऱ्यांदा दाखवायची तरतूद नाही.”

मी ‘होय’ खोडून ‘नाही’ केलं.

“नाही? आणि अभ्यासपूर्ण भाषण ठरवून मोकळे झालात?”

मागे रांगेत कुणीतरी हसलं. माझे कान गरम झाले. “बाई, मी स्वतः सरकारी नोकर आहे,” मी शक्य तितक्या भारदस्तपणे म्हणालो.

“दिसतंय,” त्या म्हणाल्या, आणि खोडाखोड झाली म्हणून दुसरा नमुना ब दिला.

तीन नमुने, दोन फोटो आणि डॉक्टरांच्या शिक्क्याचं एक पत्र एवढं झाल्यावर अर्ज आत गेला. शिक्क्यावर ‘वेदनारहित उपचार’ असं होतं, त्यावरही थोडी चर्चा झाली. प्रती ठेवायचं गोदाम अंगणापलीकडेच होतं. जाता जाता मी त्याच्या दाराशी थांबलो. कुलपावर कोळ्याचं जाळं होतं.

शनिवारी उत्तर आलं. ‘आपण नमूद केलेल्या पाचही चित्रपटांच्या प्रतींची प्रत्यक्ष पाहणी केली असता त्या दाखविण्याच्या स्थितीत आढळून आल्या नाहीत.’

ते वाक्य मी तीनदा वाचलं. आपलंच पोरगं दुसऱ्याच्या घरात उद्धटपणे बोलताना ऐकावं तसं वाटलं. पाहणी कुणी केलेली नव्हती. हे सिद्ध करायला मला पुराव्याची गरज नव्हती, अनुभव होता.

शनिवारचा उरलेला दिवस मी टेबलाशी बसून पाच चित्रपट मनाने तयार केले. हे वाटतं तितकं अवघड नाही. पाचव्याला औषधवाल्यांची सायकल होती. सहाव्याचं आणि आठव्याचं पोस्टर मला अंधुक आठवत होतं, नवव्यावर ‘अंतर्मुख’ टाकला. राहिला सातवा. त्याचं माझ्याकडे फक्त नाव होतं, एका जुन्या मासिकातल्या यादीतून उतरवलेलं: ‘खिडकीची पाठ’. पण नाव पुरेसं बोलकं होतं. खिडकी आहे म्हणजे वाट बघणं आलं. पाठ आहे म्हणजे कुणीतरी न वळलेलं माणूस आलं. वाट बघायची म्हणजे चित्रपट लांबणार. लांबला म्हणजे उत्तरार्ध सैल. मी सात मिनिटं सातव्याला दिली. तो मला सर्वांत चांगला जमला होता.

भाषण

रविवारी पाचच्या आधीच सातही सभासद हजर होते. विमावाल्यांनी टाय लावला होता. दिग्दर्शक काठी टेकत आले, दातांच्या तक्त्याखाली बसले. गाल अजून थोडा सुजलेला. बारीक अंगाचा, स्वच्छ शर्ट घातलेला म्हातारा. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि मांडीवर ठेवली. त्या वहीने मला घाम फुटला.

पाचवा, सहावा निभावले. ते लिहीतही नव्हते. नुसते ऐकत होते, लहान मुलाची कविता ऐकावी तसे. सातव्यावर मला सूर सापडला.

“‘खिडकीची पाठ’मध्ये,” मी म्हणालो, “दिग्दर्शकाचं धाडस दिसतं, आणि दुर्दैवाने त्याचा थकवाही. कॅमेरा त्या खिडकीवरून हलायला तयार नाही. वाट बघणाऱ्या स्त्रीचा चेहरा आपल्याला शेवटपर्यंत—”

“शेवटपर्यंत दिसत नाही,” प्रोफेसर खर्जात म्हणाले. “बरोबर पकडलंत. पण उत्तरार्ध सैल.”

“फारच सैल,” डॉक्टर म्हणाले. “मी तेव्हाच म्हटलं होतं.”

“मी तर मध्यंतरातच उठलो,” विमावाले म्हणाले. “माफ करा हं सर. पण त्या बाईच्या तोंडी एक तरी संवाद द्यायला हवा होतात.”

“च्च,” मागून कुणीतरी म्हणालं.

आता दिग्दर्शक लिहीत होते. भरभर. मी थांबलो तशी त्यांनी मान वर केली.

“थांबू नका. छान चाललंय. ती बाई शेवटी वळते का?”

मी प्रोफेसरांकडे बघितलं. प्रोफेसरांनी डोळे मिटले.

“नाही,” मी म्हणालो. “तीच तर शोकांतिका.”

“वा!” ते म्हणाले. “मला हे सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तर काढला असता.”

विमावाल्यांचा हात टायच्या गाठीकडे गेला.

“म्हणजे?” डॉक्टर म्हणाले.

“सातवा मीही बघितलेला नाही. तो झालाच नाही हो. घोषणा झाली, नाव छापून आलं, आणि ज्या घरात काढायचा ते घरच पाडलं. खिडकीसकट.” त्यांनी वही बंद केली. “पण तुम्ही सांगितलात तसाच झाला असता. उत्तरार्ध नक्की सैल झाला असता. माझे होतात.”

मला प्रथम काय आठवावं? संग्रहालयाचं पत्र. न काढलेल्या चित्रपटाची त्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली होती आणि तो वाईट स्थितीत सापडला होता! क्षणभर खात्याबद्दल अभिमानच वाटला. मग मी विमावाल्यांकडे बघितलं, जे न झालेल्या चित्रपटाच्या मध्यंतरात उठून गेले होते. ते टाय सैल करत होते. डॉक्टर तक्त्यातले दात मोजत होते. सात माणसं, एकोणीस वर्षं, आणि एकानेही काही बघितलेलं नव्हतं. प्रत्येक जण बाकीच्या सहांच्या मानेकडे बघून मान हलवत होता.

चहा न घेताच सभा संपली. विमावाल्यांना एकाएकी कुणाला तरी स्टेशनवर आणायला जायचं होतं. प्रोफेसर जाताना माझ्याजवळ येऊन कुजबुजले, “यादी तुम्ही चुकवलीत,” आणि झपाझप निघून गेले.

मी वही काखेत मारून दाराकडे सरकत होतो तेवढ्यात काठी आडवी आली.

“सचिव,” दिग्दर्शक म्हणाले, “मंगळवारी चार वाजता माझ्याकडे या. एकटे.”

मंगळवार

रजेच्या अर्जावर कारण काय लिहू, असं बायकोला विचारलं. “शिक्षण,” ती म्हणाली.

दुसरा मजला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक टीव्ही, एक आरामखुर्ची, एक लाकडी खुर्ची. एकही बक्षीस नाही, एकही फोटो नाही. खिळ्यांवर फक्त कॅलेंडर आणि छत्री. मुलीने जुन्या प्रतींवरून चार डिस्क करून दिल्या होत्या, त्या चपलांच्या खोक्यात होत्या. “आठ वर्षांत कुणी मागितल्या नाहीत,” ते म्हणाले, तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं. त्यांनी पाचवा लावला आणि लाकडी खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसले.

दोन तास दहा मिनिटं मी चित्रपट बघितला आणि त्यांनी मला.

औषधवाल्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. माणूस सायकल हातात धरून चालत होता. रस्त्याने, पुलावरून, परत त्याच रस्त्याने. मध्ये त्याचा भाऊ भेटतो आणि ते दोघं आयुष्याबद्दल बोलतात, फळ्यावर लिहून दिल्यासारखं. मी माझ्याच मतांविरुद्ध प्रामाणिकपणे झगडत होतो. कुठेतरी आवडायला हवा, अगदी दहा मिनिटं तरी. एका जागी तो माणूस सायकलचं सीट बाहीने पुसतो, नुसतंच, कुणी बसणार नसताना. तिथे मी खुर्चीत पुढे सरकलो. बाकी सगळा चित्रपट वाईट होता. मी एकोणीस वर्षं जितका वाईट म्हणत होतो, बरोब्बर तितका.

म्हणजे माझा विजय झाला होता. आणि समोर एक्याऐंशी वर्षांचा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

“कसा वाटला?”

“चांगला आहे,” मी म्हणालो. “म्हणजे, परिपक्व. संयत. एक प्रकारची—”

“अंतर्मुखता?”

“हो.”

 “एकोणीस वर्षं न बघता खरं बोललात,” ते म्हणाले. “आज बघितलात आणि खोटं बोलायला लागलात. बघून माणूस असा बिघडतो.”

मी खाली बघितलं. त्यांच्या फरशीला एक तडा होता, दारापर्यंत गेलेला.

“अहो, चांगला म्हणणारी माणसं पुष्कळ भेटली. पहिल्या चारांच्या पुण्याईवर भेटतात. चार केले तेव्हा मला काही येत नव्हतं, म्हणून घाबरत घाबरत केले. मग यायला लागलं.” ते पुढे झुकले. “तुम्हाला घाबरायला मी काही तुमचा साहेब नाही. बोला.”

“वाईट आहे,” मी म्हणालो.

“हं. कुठे?”

कुठे! एकोणीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आमच्याकडे वाईट एकदम अख्खा असायचा.  “तो भाऊ. तो भेटायलाच नको होता. भेटला तरी बोलायला नको होता.”

“मी हेच म्हणत होतो!” ते उठलेच खुर्चीतून. “पण नट मोठा होता, त्याला बोलायचं होतं. अजून?”

“पुलावरून तो दोनदा जातो.”

“तीनदा. एकदा तुमचा डोळा लागला होता. अजून?”

“ते सीट पुसणं शेवटी हवं होतं. त्यानंतर काहीच नको.”

ते खिडकीपाशी गेले, परत आले. “त्यानंतर चाळीस मिनिटं आहेत,” हळूच म्हणाले. “चाळीस.” मग मोठ्याने हसले आणि लगेच सुजलेला गाल हाताने दाबून धरला. मीही हसत होतो. बाहेर साडेसहा वाजून गेले होते आणि बायको वाट बघत असणार, हे मला माहीत होतं.

“निघतो मी,” मी म्हणालो.

“कुठे निघालात?” त्यांनी खोक्यातून दुसरी डिस्क काढली होती आणि शर्टाला पुसत होते. “बसा. सहावा याहून वाईट आहे.”